रणजीचा सीझन पहिल्या डावातून वाचायचा: स्कोअररच्या टेबलावरून २०२४-२५

प्रश्न थोडक्यात असा आहे. आयपीएल आणि टेस्ट बघणाऱ्या माणसाला रणजीचा आख्खा सीझन फॉलो करायचा असेल तर सुरुवात कुठून करायची, पॉइंट टेबल कसं वाचायचं, आणि २०२४-२५ ला फायनल ड्रॉ होऊनही विदर्भ चॅम्पियन कसा, केरळ एकही नॉकआउट न जिंकता फायनलला कसं, हा अन्याय नाही का?

मी वीसेक वर्षं स्कोअरिंग करतोय, क्लबच्या मॅचेसपासून वयोगटापर्यंत आणि पुढे चार दिवसांच्या मॅचपर्यंत, त्यामुळे उत्तर स्कोअररच्या टेबलावरूनच देतो. आणि आधीच सांगून टाकतो, मला तो अन्याय वाटत नाही. केरळने तो सीझन जसा खेळला तसा खेळायला प्रचंड चिवटपणा लागतो, मी पुस्तकात त्यांचे डाव परत परत बघितलेत.

पहिली सवय मोडायची ती ही की स्कोअरकार्ड उघडलं की कोण जिंकलं ही ओळ शोधायची. रणजीत आधी दोन्ही टीमच्या पहिल्या डावाचे टोटल वाचायचे. कारण पॉइंट असे आहेत: मॅच सरळ जिंकली तर ६, डावाने किंवा दहा विकेटने जिंकली तर वर १ बोनस, म्हणजे ७. मॅच ड्रॉ झाली तर पहिल्या डावात लीड घेणाऱ्याला ३ आणि मागे राहिलेल्याला १. दोघांचे पहिले डावच पूर्ण झाले नाहीत, पाऊस वगैरे, तर दोघांना १-१. हरलात तर शून्य. एलिटमध्ये, म्हणजे वरच्या गटात, ३२ टीम, आठ-आठचे चार ग्रुप, प्रत्येकाच्या सात लीग मॅच, आणि प्रत्येक ग्रुपमधून वरचे दोनच पुढे. सातच मॅच! त्यात दोन पावसात गेल्या तर उरल्या पाच, मग ३ आणि १ मधला दोनचा फरक केवढा मोठा होतो बघा.

लीडला एवढी किंमत का, तर वेळ. चार दिवस, दिवसाला ९० ओव्हर, कागदावर ३६० होतात पण नोव्हेंबर-जानेवारीत ऊन लवकर उतरतं, सकाळी दव, उत्तरेत धुकं, त्यामुळे तेवढ्या बऱ्याचदा होतच नाहीत, आणि पाटा पिच असेल तर समोरच्या टीमचे दोन्ही डाव गुंडाळायचे म्हणजे वीस विकेट, त्या चार दिवसांत निघत नाहीत. मग निकाल नाही लागला तर चार दिवस कोण वरचढ होतं हे ठरवायला काहीतरी हवं ना. पहिला डाव हेच त्यातल्या त्यात सरळ माप आहे, कारण तो दोघंही पूर्ण ताकदीने खेळतात, डिक्लेरेशनची सौदेबाजी नाही, टार्गेटचा हिशोब नाही. नॉकआउट पाच दिवसांच्या असतात पण तिथेही नियम तोच, ड्रॉ झाली तर लीडवाला पुढे.

आता केरळ. ग्रुप सी मध्ये सात मॅच, तीन विजय, चार ड्रॉ, हार नाही, पॉइंट २८. हा २८ फोडून बघा म्हणजे टेबल कसं वाचायचं ते कळेल. तीन विजयांचे १८, त्यातले दोन डावाने म्हणून २ बोनस, झाले २०. उरलेले ८ चार ड्रॉमधून, दोन मॅचेस पहिला डावच पुरा न झाल्यामुळे १-१ वर सुटल्या आणि दोनमध्ये लीड मिळालं. त्यातलं एक लीड मध्य प्रदेशविरुद्ध, १६० ला उत्तर १६७. सात रन! नंतर त्या मॅचमध्ये केरळला ३६३ चं टार्गेट होतं आणि ते ८ बाद २६८ वर लटकत लटकत वाचले. म्हणजे एका मॅचमध्ये दोन लढाया, एक सात रनसाठी आणि एक दोन विकेटसाठी.

दुसरं लीड हरियाणाविरुद्ध लाहलीला, आणि ही मॅच मला फार आवडते कारण हेडलाइन एकीकडे आणि पॉइंट दुसरीकडे असं तिथे झालं. अंशुल कंबोजने केरळच्या पहिल्या डावात दहाच्या दहा विकेट काढल्या, ४९ रनमध्ये १०. रणजीच्या इतिहासात असं करणारा तो तिसराच, आधी बंगालचा प्रेमांगशू चटर्जी १९५६-५७ ला आणि राजस्थानचा प्रदीप सुंदरम १९८५-८६ ला. सगळीकडे फोटो कंबोजचे, ते बरोबरच आहे, असली बॉलिंग जन्मात एकदा होते. पण केरळने २९१ केले होते आणि हरियाणा १६४ ला आटोपलं, मॅच ड्रॉ, केरळला ३, हरियाणाला १. दहा विकेट काढून पदरात एक पॉइंट. सीझन फॉलो करायचा म्हणजे ही दुसरी ओळ वाचायची.

मग क्वार्टर फायनल, पुण्यात गहुंजेला, जम्मू-काश्मीरविरुद्ध. ही मी प्रेक्षक म्हणून बघितली, ड्यूटी नव्हती. जम्मू-काश्मीर २८० ऑल आउट, आणि आकिब नबीने नव्या बॉलने केरळची वरची फळी कापून काढली, दुसरा दिवस संपला तेव्हा केरळ ९ बाद २००. ऐंशी मागे, हातात एक विकेट. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो ते खरं सांगायचं तर जम्मू-काश्मीरला लीड घेताना बघायला, कारण त्यांनी त्या सीझनला काय केलं होतं ते पुढे सांगतोच. आणि सलमान निझारने जे केलं ते मी विसरणार नाही. डावखुरा, गडबड अजिबात नाही, ओव्हरचे पहिले चार-पाच बॉल स्वतः खेळायचे, फील्ड लांब असेल तर दोन पळायचे, एक पळायचा तो शेवटच्या बॉलला, बासिल थंपीला शक्यतो एक-दोन बॉलच लागू द्यायचे. हे शेपटाला घेऊन खेळणं म्हणतो आपण, बोलायला सोपं आहे, पण प्रत्येक ओव्हरला तेच गणित परत मांडायचं आणि एकदाही चुकायचं नाही, तेही बॉलरला माहीत असताना की हा काय करणार आहे. शेवटच्या जोडीने ८१ काढले. निझार नाबाद ११२, केरळ २८१. लीड एक रन.

एक रन म्हणजे स्कोअररच्या पोटात गोळा असतो. लोकांना वाटतं आता सगळं लॅपटॉपवर असतं, चुकणार कसं. पण लॅपटॉपवर टाकतो माणूसच. दोन स्कोअरर शेजारी बसतात, प्रत्येक ओव्हर संपली की बॉलरचे रन, बॅट्समनचे रन, एक्स्ट्रा आणि टोटल जुळवतात, आणि अंपायरने खूण केली की ती बघितली हे हात वर करून किंवा लाइट लावून कळवावंच लागतं, त्याशिवाय त्याने पुढचा बॉल टाकू द्यायचा नसतो. माझ्याकडून एकदा वयोगटाच्या मॅचला शॉर्ट रनची खूण सुटली होती, अंपायर खांद्याला बोटं लावतो ती, मी खाली मान घालून बॉलरचा कॉलम भरत होतो. टीला टोटल एका रनने जुळेना. अंपायर आत आले, त्यांनी सांगितलं, दुरुस्त झालं, आणि त्या दिवशी लीडचा फरक चांगला तीसचा होता म्हणून कोणाचं काही बिघडलं नाही, पण मी घरी जाताना सारखा हाच विचार करत होतो की फरक एकचा असता तर. तेव्हापासून अंपायर वळला की मी पेन खाली ठेवतो आणि आधी त्याच्याकडे बघतो. गहुंजेला तिसऱ्या दिवशी मी स्टँडमध्ये बसून त्या दोन स्कोअररचाच विचार करत होतो.

आणि ते लीड मिळालं म्हणून काम संपलं असं नाही. जम्मू-काश्मीरने दुसऱ्या डावात ९ बाद ३९९ वर डिक्लेअर केलं, कॅप्टन पारस डोग्राचे १३२, म्हणजे केरळला टार्गेट ३९९, आणि खेळून काढायला चौथ्या दिवसाचा शेवट आणि पाचवा दिवस अख्खा. हरले असते तर एका रनच्या लीडला शून्य किंमत होती. सहा विकेट पडल्यावर निझार आणि केरळचा विकेटकीपर मोहम्मद अझरुद्दीन चाळीसच्या वर ओव्हर उभे राहिले, ६ बाद २९५, मॅच ड्रॉ. म्हणून म्हणतो, "न जिंकता" हा शब्द इथे लागू पडत नाही.

सेमीफायनल अहमदाबादला गुजरातविरुद्ध. केरळने १८७ ओव्हर बॅटिंग केली आणि ४५७ केले, अझरुद्दीन नाबाद १७७. तेव्हा बऱ्याच जणांनी नावं ठेवली, काय ही बॅटिंग, दोन दिवस खाल्ले. मी उलट म्हणतो, नियम माहीत असलेल्या टीमने असंच खेळायला हवं होतं, कारण त्या पिचवर बॉल वळत नव्हता, सीम होत नव्हता, आणि गुजरात पण तेवढेच रन करणार हे दिसत होतं. तसंच झालं. चौथ्या दिवसअखेर गुजरात ७ बाद ४२९, बरोबरीला २८ कमी. पाचव्या दिवशी सकाळी तिन्ही विकेट आदित्य सरवटेने काढल्या. शेवटची तर कोणाला सांगून पटणार नाही अशी: गुजरात ४५५, अर्झान नागवासवालाने जोरात फटका मारला, शॉर्ट लेगला निझार उभा, बॉल त्याच्या हेल्मेटवर आदळून वर उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीने पकडला. आउट. लीड दोन रन.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. २०१७ च्या आधी हा कॅच नव्हता! फील्डरने घातलेल्या हेल्मेटला लागून उडालेला बॉल पकडला तर नॉट आउट असायचं. २०१७ च्या ऑक्टोबरपासून क्रिकेटचे कायदे बदलले आणि असा कॅच धरायला लागले. कुठेतरी लंडनला कायद्याची एक ओळ बदलते आणि साडेसात वर्षांनी केरळ पहिल्यांदा रणजीच्या फायनलला जातं. आणि स्कोअरबुकात काय लिहिलंय तर झे. बेबी गो. सरवटे, बस. ज्या पोराच्या डोक्यावर बॉल बसला त्याचं नाव त्या ओळीत कुठेच नाही, बुकात त्याला रकानाच नाही.

म्हणजे केरळचा सीझन सात, एक आणि दोन. आणि मग फायनलला उणे ३७.

पण विदर्भाकडे जाण्याआधी मुंबईचं सांगतो, कारण टेबल वाचायला शिकायचं तर तिचा ग्रुप उत्तम. हा सीझन दोन तुकड्यांत होता, ११ ऑक्टोबर २०२४ ला सुरू, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पाच राउंड, मग मुश्ताक अली (टी-२०) आणि विजय हजारे (वनडे) या स्पर्धा, आणि २३ जानेवारीला उरलेले दोन राउंड. ब्रेक दोन महिन्यांचा. ज्यांची लय लागली होती त्यांची तुटली, ज्यांचे बॉलर जखमी होते ते बरे झाले. जानेवारीत स्टार लोक परत आले, बीकेसीला मुंबईकडून रोहित, जैस्वाल, रहाणे, श्रेयस, दुबे, शार्दूल सगळे, आणि जम्मू-काश्मीरने त्यांना १२० ला गुंडाळलं आणि पाच विकेटने हरवलं. शार्दूलचे ५१ आणि ११९ नसते तर आणखी वाईट झालं असतं. याच्यासाठी मी गहुंजेला जम्मू-काश्मीरच्या बाजूने गेलो होतो.

आता शेवटच्या राउंडआधीचं गणित बघा: जम्मू-काश्मीर २९, बडोदा २७, मुंबई २२. जम्मू-काश्मीर आणि बडोदा एकमेकांशी, मुंबई मेघालयशी. मुंबईने नुसतं जिंकलं तर २८. पण समजा तिकडे ड्रॉ झाली आणि बडोदा लीडला मागे राहिला तर त्यांचे पण २८. म्हणून मुंबईला बोनस हवा होता. आणि ड्रॉ होऊन बडोद्याने लीड घेतलं असतं तर दोघं ३०, मुंबई घरी, मेघालयला कितीही मारलं तरी. मुंबईने मेघालयला ८६ ला काढलं, स्वतः ६७१ केले, डाव आणि ४५६ ने जिंकले, ७ पॉइंट, २९. तिकडे जम्मू-काश्मीरनेच बडोद्याला हरवलं, ३५ झाले, बडोदा २७ वर राहिला. जिने मुंबईला हरवलं तिनेच मुंबईला पुढे नेलं. एकाच वेळी दोन ग्राउंडचा स्कोअर उघडून बसायची मजा असते ती अशा दिवशी.

आपल्या महाराष्ट्राचं पण एक उदाहरण द्यायला हवं, मन दुखतं तरी. बीकेसीलाच मुंबईविरुद्ध पहिल्या डावात १२६. मुंबई ४४१, आयुष म्हात्रे १७६. दुसऱ्या डावात ऋतुराज १४५, सचिन धस ९८, टोटल ३८८, बघा किती चांगली बॅटिंग, पण पहिल्या दिवशी १२६ झाल्यावर ३८८ चा उपयोग फक्त मुंबईला ७४ चं टार्गेट देण्यापुरता. ९ विकेटने हार. पहिल्या दिवसाचे दोन तास सीझनमधून तीन-तीन पॉइंट घेऊन जातात, आणि ते परत मिळत नाहीत.

प्लेट ग्रुप, म्हणजे खालचा गट, वेगळा असतो, सहा टीम, तिथले आकडे एलिटशी जोडून बघू नका. गोव्याच्या स्नेहल कौठणकर आणि कश्यप बखलेने पर्वरीला अरुणाचलविरुद्ध नाबाद ६०६ ची पार्टनरशिप केली, ३१४ आणि ३००, दोघंही नाबाद, रणजीतली सगळ्यात मोठी. गोवा वर गेला हे महत्त्वाचं.

आता विदर्भ. त्यांच्याबद्दल लोक फक्त ड्रॉ फायनल लक्षात ठेवतात, ते मला अजिबात पटत नाही. लीगमध्ये सातपैकी सहा सरळ जिंकले, ४० पॉइंट. क्वार्टरला तामिळनाडूला १९८ ने हरवलं, सेमीला मुंबईला ८० ने. त्या सेमीत पार्थ रेखडेने एकाच ओव्हरमध्ये रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबेला काढलं, आणि दुसऱ्या डावात यश राठोडने १५१ केले. राठोडचे सीझनला ९६०, करुण नायरचे ८६३, आणि हर्ष दुबेच्या विकेट ६९ (हा दुबे विदर्भाचा). हा ६९ चा आकडा नीट बघा. एका रणजी सीझनमधला रेकॉर्ड, आधी बिहारच्या आशुतोष अमनचे ६८ होते, ते प्लेटमध्ये, आणि त्याच्या आधी बिशनसिंग बेदींचे ६४, १९७४-७५ पासून. दुबेने ते एलिटमध्ये, दहा मॅचमध्ये केलं, शिवाय ४७६ रन. डावखुऱ्या स्पिनरला वीस-वीस ओव्हरचे स्पेल टाकायला लागतात, आणि दुबेचं वैशिष्ट्य हे की विकेट मिळत नसली तरी तो लाइन सोडत नाही, डॉटवर डॉट पडत राहतात, मग बॅट्समनच काहीतरी करायला जातो.

फायनल २६ फेब्रुवारीला नागपूरजवळ जामठ्याला. विदर्भ ३ बाद २४, केरळचा बॉल बोलत होता, आणि दानिश मालेवार आणि करुणने २१५ जोडले. मालेवार १५३, करुण ८६ वर रनआउट. टोटल ३७९. केरळकडून सरवटे ७९, तोच सरवटे जो नागपूरचा, विदर्भाच्या २०१७-१८ आणि २०१८-१९ च्या दोन्ही ट्रॉफींमध्ये होता आणि आता समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये. सचिन बेबी ९८ वर, टोटल ३२४, लीडला ५६ हवे होते, आणि त्याने रेखडेला मोठा फटका मारायला बॉल उचलला. कॅच. शंभराला दोन कमी हे लोक बोलतात, मला तो दोनचा आकडा महत्त्वाचा वाटत नाही. तो टिकला असता तर शेपूट त्याच्याभोवती खेळलं असतं, जसं गहुंजेला निझारभोवती खेळलं. तो गेला आणि १८ रनमध्ये बाकी सगळे गेले, ३४२.

त्यानंतर विदर्भाने काय करायला हवं होतं? डिक्लेअर करून केरळला चान्स द्यायचा? कशासाठी? अख्खा सीझन सहा-सहा पॉइंट कमावून आलेल्या टीमने शेवटच्या दिवशी दिलदारी दाखवायची अपेक्षा मला समजत नाही. करुण ३१ वर असताना स्लिपमध्ये सुटला, मग १३५ करून गेला, ९ बाद ३७५ झाले तेव्हा कॅप्टननी हात मिळवले. केरळला दहा विकेट घ्यायला जवळजवळ दोन दिवस होते, त्यांनी नऊ घेतल्या. त्यांना संधी मिळाली नाही असं कोणी म्हणू नये.

नियमात एक बदल सुचवायचा तर मी फायनलपुरता सहावा दिवस देईन, पण लीग आणि बाकीच्या नॉकआउटला लीडचा नियम आहे तसाच राहू द्या, तो काढला तर ६ बाद २९५ वर उभे राहणारे निझार-अझरुद्दीन आणि ९ बाद २०० वर उभा राहणारा निझार, दोन्ही निरर्थक होतील.

तुमच्यासाठी प्रॅक्टिकल असं. पुढच्या सीझनला एक टीम निवडा, एक वही घ्या, प्रत्येक राउंडला तिचा पहिला डाव, समोरच्याचा पहिला डाव, आणि सात विकेट पडल्यानंतर दोघांनी किती रन जोडले एवढंच लिहा. आणि जवळ मॅच असेल तर जाच, एंट्री बहुतेक ठिकाणी फुकट असते, गहुंजे पुण्यापासून लांब आहे पण पाणी आणि टोपी घेऊन निघायचं. एकच दिवस जमत असेल तर पहिला नको, दुसऱ्या दिवशी दुपारी टीनंतर जा, मागे असलेल्या टीमच्या आठ-नऊ पडलेल्या असतील, लीडला तीस-चाळीस हवे असतील, आणि स्कोअरबोर्ड दिसेल अशी जागा धरा.